सात पावलांचा मार्च

आपली बायको दुसऱ्याच माणसाची चाल गुणगुणते आहे, हे हेडक्लार्कांच्या लक्षात आलं ते एका मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता, अर्ध्या गालाला साबण लागलेला असताना. बायको शर्टाला इस्त्री करत होती. इस्त्री पुढे गेली की "टॅं टरॅं टॅं टॅं" आणि मागे आली की "टॅं टरॅं टॅं", असा एकूण प्रकार चालला होता. शर्ट आपला, इस्त्री आपली, बायको आपली आणि चाल मात्र डॉक्टरांची! हेडक्लार्कांचा दाढीचा हात जागच्या जागी थांबला.

"काय म्हणते आहेस?" त्यांनी मोरीतूनच विचारलं.

"मी? कुठे काय! काही नाही."

हेच तर वाईट होतं. मुद्दाम म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. पण न कळत ओठांवर आलेल्या चालीबद्दल बायकोला जाब कसा विचारणार? हेडक्लार्कांनी उरलेली दाढी केली, हनुवटीवर कापून घेतलं आणि त्याचाही दोष मनातल्या मनात डॉक्टरांच्या नावावर टाकला.

डॉक्टर म्हणजे वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. गोरेपान, हसतमुख, आणि स्वतःचे दात असे की हसले की समोरच्याने तोंड मिटून घ्यावं. अग्निशमन दलाचा जो हौशी बँड होता आणि दर रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल मंडपात जो वाजायचा, त्यात डॉक्टर क्लॅरिनेट वाजवत. आता क्लॅरिनेट वाजवावी, लोकांच्या टाळ्या घ्याव्यात आणि घरी जावं. पण नाही. या गृहस्थांनी 'उजळ माथ्याने' नावाचा एक मार्च रचला. तो बँडने वाजवला. आणि महिन्याभरात गावातली सगळी माणसं त्याच्या तालावर चालायला लागली. दूधवाला कॅन उतरवताना तो शिटीवर वाजवायचा. शाळेतली मुलं त्याच्यावर रांगेने वर्गात जायची. दवाखान्यात खुर्चीत पडलेले पेशंट तोंडात कापसाचे बोळे असताना नाकातून तोच सूर काढत असत, असं खुद्द डॉक्टरच सांगायचे. आणि सांगताना हसायचे.

हेडक्लार्कही याच बँडमध्ये होते. ते ट्युबा वाजवत. ट्युबा म्हणजे बँडमधलं सगळ्यांत मोठं वाद्य. त्याच्या मागे बसलं की माणसाचे फक्त गुडघे आणि टोपी दिसते. मार्चमध्ये ट्युबाला काम एकच: "पों." सगळे सुंदर सुंदर सूर बाकीच्यांनी घ्यायचे आणि आपण खालून "पों, पों" करत त्यांना आधार द्यायचा. हेडक्लार्क अकरा वर्षं पों करत होते आणि त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. पाणीपुरवठा खात्यातही त्यांचं काम साधारण असंच होतं. पण 'उजळ माथ्याने' आला आणि दर रविवारी डॉक्टरांच्या कर्तृत्वाला आपण खालून पों पों करून आधार देतो आहोत, ही गोष्ट त्यांना एकाएकी लख्ख दिसली. त्यांच्या पोटात दुखायला लागलं. हे शब्दशः खरं आहे. रविवारी पाच वाजले की त्यांना डाव्या बरगडीखाली कळ यायची आणि ओवा खाऊन ती जायची नाही.

त्यात नव्या पुलाची बातमी आली. नदीवरचा पूल बांधून झाला होता आणि उद्घाटनाला बँड वाजणार होता. पुलावरून पहिल्यांदा सगळं गाव चालत जाणार, आणि चालताना जो मार्च वाजेल तो 'उजळ माथ्याने'च असणार हे गृहीत धरलं गेलं होतं. कुणी ठरवलंसुद्धा नव्हतं. जे ठरवावं लागत नाही त्याचा हेडक्लार्कांना फार राग यायचा.

"मी मार्च रचणार आहे," त्यांनी बुधवारी जेवताना जाहीर केलं.

बायकोने त्यांच्या ताटात भात वाढला. "रचा की. पण कपाटावरचं टपाल आधी आवरा, महिनाभर पडलंय."

एवढ्या मोठ्या घोषणेचं हे स्वागत! हेडक्लार्क भात न कालवताच उठले.

मार्च कसा रचतात याची त्यांना पक्की कल्पना होती. मार्च ही चालण्याची गोष्ट, तेव्हा ती बसून रचणं म्हणजे शुद्ध अप्रामाणिकपणा. डॉक्टरांनी आपला मार्च दवाखान्यातल्या फिरत्या स्टुलावर बसून रचला होता हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यातच त्याचा उथळपणा उघड होता. आपण चालत रचायचा. घरात चालायला जागा एकच होती, स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंतचा बोळ. त्या बोळाच्या टोकाला बायकोचं शिलाई मशीन होतं. रोज ऑफिसमधून आलं की बूट न काढता हेडक्लार्क बोळात शिरत, हात पाठीमागे बांधत आणि चालायला लागत. पुढे जाताना एक ओळ, मशीनपाशी गर्रकन वळायचं, मागे येताना दुसरी ओळ. सुचलं की वहीत टिपायचं. अडचण एकच होती, की बायकोला गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचं तर त्याच बोळातून जावं लागे. पहिल्या दिवशी तिची बादली त्यांच्या गुडघ्यावर आपटली. दुसऱ्या दिवशीही आपटली. मग ती आपोआप शिकली. हे मशीनपाशी वळले की आपण निघायचं, त्यांच्या पावलाला पाऊल ठेवून. तिसऱ्या आठवड्यात ती हातातली बादली हिंदकळू न देता सहज पार व्हायला लागली. हेडक्लार्कांचं तिकडे लक्षही नव्हतं. ते निर्मितीत होते.

खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमनकाका राहत. हेडक्लार्कांचा बोळ नेमका त्यांच्या पलंगावर यायचा. आठव्या दिवशी ते काठी टेकत वर आले. हेडक्लार्कांना वाटलं, आवाजाची तक्रार असेल. पण तक्रार तांत्रिक होती.

"अहो, बूट कुठले घातलेत?" काका म्हणाले. "टाच फार आपटते तुमची. छत्तीस वर्षं चाललोय मी, मला विचारा! रबरी टाच बसवून घ्या. आणि वळताना एवढं घाईने वळू नका. मनासारखी चाल पडली की माझाही डोळा लागतो. पण तुमचं होतं काय, आता लागला म्हणेपर्यंत तुम्ही वळता. काहीतरी एक राहून जातंय."

"काय राहून जातंय?"

"ते मला काय माहीत! मार्च तुमचा आहे," काका म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

दोन महिन्यांनी मार्च पुरा झाला. हेडक्लार्कांनी त्याचं नाव ठेवलं 'अखंड प्रवाह'. पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला शोभेल असं, भारदस्त, आणि त्यात डॉक्टरांना एक चिमटाही होता, कारण 'उजळ माथ्याने' मध्येच एकदा थांबतो. चाल अर्थातच ट्युबाला दिली होती. क्लॅरिनेटच्या कागदावर त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फक्त पों लिहिला. लिहिताना त्यांना इतकं समाधान वाटलं की डाव्या बरगडीखालची कळ दोन दिवस आली नाही.

तालीम अग्निशमन केंद्राच्या अंगणात झाली. बँडमास्तर पलटणीतून निवृत्त झालेले, मिशांपासून बुटांपर्यंत सगळं ताठ. त्यांनी कागद पाहिले, भुवया उंचावल्या, आणि म्हणाले, "इथे एक ठोका कमी आहे."

"ती माझी शैली आहे," हेडक्लार्क म्हणाले.

"शैली पायांना कळत नाही हो," बँडमास्तर म्हणाले. पण माणूस शिस्तीचा, लिहिलेलं वाजवायचं म्हणजे वाजवायचं. त्यांनी काठी उचलली. बँडच्या मागे अग्निशमन दलाचे सोळा जवान चालायला उभे होते. हेडक्लार्कांनी छाती भरून श्वास घेतला आणि 'अखंड प्रवाह' सुरू झाला.

आता मार्चचं सगळं गणित जोडीचं असतं. डावा-उजवा, डावा-उजवा. एक ओळ आठ पावलांची, म्हणजे नवी ओळ सुरू होताना मोठ्या ढोलाचा दणका पुन्हा डाव्याच पायावर येतो आणि माणूस न विचार करता चालत राहतो. हेडक्लार्कांच्या मार्चमध्ये ओळ सात पावलांची होती. दुसरी ओळ आली आणि ढोलाचा दणका उजव्या पायावर पडला. जवानांना लहानपणापासून एकच गोष्ट शिकवलेली, की दणका म्हणजे डावा. त्यातल्या पाच जणांनी टुणकन उडी मारून पाय बदलला. आठ जणांनी बदलला नाही. दोघांनी बदलून पुन्हा बदलला. एकाने आपल्याच पायात पाय घातला आणि पुढच्याच्या पाठीला धरून राहिला. तिसऱ्या ओळीला दणका परत डाव्यावर आला, तेव्हा बदललेले चुकले आणि न बदललेले बरोबर ठरले. चौथ्या ओळीला उलट. दोन मिनिटांत अंगणात अशी काही पळापळ झाली, की केंद्रावर वर्दी आली समजून आतल्या एकाने घंटा दिली.

बँडमास्तरांनी काठी खाली केली. मग डॉक्टर क्लॅरिनेट बगलेत मारून पुढे आले, हेडक्लार्कांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कल्पनेत धाडस आहे. एक एक ठोका घालायचा राहिलाय फक्त. तुम्ही म्हणाल तर मी घालून देतो, दहा मिनिटांचं काम."

हसले असते तर चाललं असतं. टिंगल केली असती तर फारच उत्तम. पण हे सौजन्य! हेडक्लार्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन महिने बूट झिजवून केलेलं काम या माणसाच्या लेखी दहा मिनिटांच्या दुरुस्तीचं होतं.

"धन्यवाद," ते म्हणाले. "आहे तो बरोबर आहे."

घरी आल्यावर त्यांनी बोळात उभं राहून पावलं मोजली. सात. पुन्हा मोजली. सातच. बायको दारात उभी राहून बघत होती.

"मशीनमुळे," ती म्हणाली. "मशीन नसतं तर आठ झाली असती. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"तू आधी सांगायचं नाहीस?"

"पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, मशीन सरकवू का म्हणून. तुम्ही म्हणालात, निर्मितीच्या वेळी फर्निचरविषयी बोलू नकोस."

हे खरं होतं, त्यामुळे हेडक्लार्कांना जास्तच राग आला. आता मार्च दुरुस्त करणं म्हणजे दर ओळीत एक पों वाढवणं, एवढंच होतं. पण तो पों वाढवला की गावभर होणार: डॉक्टरांनी सुचवलं म्हणून मार्च सुधारला. डॉक्टरांचा हात लागलेला मार्च त्यांना नको होता. त्यापेक्षा लोक पडले तरी चालतील. त्यांनी मार्च होता तसा नगरपालिकेत सादर करायचं ठरवलं. निदान उद्घाटनाच्या फाइलीत 'उजळ माथ्याने'च्या समोर दुसरं एक नाव असेल.

नगरपालिकेच्या समारंभ शाखेत मार्चसाठी छापील अर्ज नव्हता. तिथल्या कारकुनाने तीन खण उघडून पाहिले आणि शेवटी 'तात्पुरत्या बांधकामाची परवानगी' असा अर्ज पुढे केला. "हाच भरा. मंडपाला, कमानीला, सगळ्याला हाच चालतो."

दुसरा कुणी असता तर वैतागला असता. पण हेडक्लार्क स्वतः हेडक्लार्क होते. रिकामा रकाना सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. लांबी: चार मिनिटे. रुंदी: बावीस वादक. उंची: वादकांच्या मानाने. वजन: ट्युबासह अंदाजे दीड टन. अग्निरोधक आहे काय: वादक अग्निशमन दलाचे आहेत. शेवटी सही, तारीख, तीन प्रती. अर्ज भरून झाल्यावर त्यांना मार्च रचल्याइतकाच आनंद झाला.

पण बांधकामाचा अर्ज समारंभ शाखेत राहत नाही. तो नियमाप्रमाणे बांधकाम खात्याकडे गेला आणि तिथून पुलाच्या इंजिनियरांच्या टेबलावर. इंजिनियर म्हणजे बारीक, चष्मेवाला, सदा काळजीत असलेला माणूस. सात वर्षं खपून त्याने तो पूल बांधला होता आणि आपल्या पुलावर आता माणसं चालणार ही कल्पनाच त्याला मनातून पटलेली नव्हती. दीड टन वजनाचा बँड आणि मागून पाय आपटत चालणारं अख्खं गाव! तो खुर्चीतून उठलाच. शेकडो माणसांची पावलं एका ठोक्याला एकदम पडली की पूल हलतो, हे त्याच्या कुठल्याशा जाड पुस्तकात होतं. त्याने लाल शाईने शेरा मारला: पुलावर एका तालात चालण्यास सक्त मनाई. कोणताही मार्च चाचणीशिवाय वाजवू नये.

चाचणी शनिवारी सकाळी झाली. पुलाच्या मधोमध एक तिपाई, तिपाईवर काठोकाठ पाण्याने भरलेली परात आणि परातीशेजारी उकिडवा बसलेला इंजिनियर. बँड पलीकडच्या टोकाला उभा. आधी 'उजळ माथ्याने'. सोळा जवान एका पावलाने पुलावरून गेले, सोळा बुटांचा एकच आवाज, बघणाऱ्याचं मन भरून यावं असं. परातीतलं पाणी थरथरलं. "बंद!" इंजिनियर ओरडला. "बंद करा हो! पूल पाडायचाय का?"

मग 'अखंड प्रवाह'. जवानांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निघाले. दुसऱ्या ओळीला उड्या, तिसऱ्याला धडपड, चौथ्याला माफ करा, अहो माझा पाय, असं करत सगळे कसेबसे पार झाले. इंजिनियर परातीवर वाकून बसला होता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पाणी जागचं हललं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर सात वर्षांत पहिल्यांदा हसू आलं. तो उठला आणि थेट येऊन हेडक्लार्कांना, ट्युबासकट, मिठी मारली.

"असा मार्च मी ऐकला नव्हता," तो म्हणाला. "हे मुद्दाम साधणं फार कठीण आहे!"

"दोन महिने लागले," हेडक्लार्क म्हणाले, आणि तिरप्या नजरेने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर क्लॅरिनेटची पिपाणी फडक्याने पुसत होते. पुसून झाली तरी पुसत होते.

त्यानंतरचे दोन दिवस हेडक्लार्कांच्या आयुष्यातले अत्यंत सुखाचे गेले. पुलावर त्यांचा मार्च वाजणार होता! डॉक्टर जिन्यात भेटले तेव्हा नुसते "हं" म्हणाले, हसले नाहीत. दातसुद्धा दिसले नाहीत. पोस्टमनकाकांनी वर येऊन सांगितलं, की हे सगळं टाचेमुळे झालं, त्यांनी म्हटलंच होतं. हेडक्लार्क ऑफिसमध्ये येताजाता जरा सावकाश चालायला लागले, म्हणजे लोकांना विचारायला वेळ मिळावा. मग तिसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या फलकावर इंजिनियरचं पत्र लागलं आणि त्याची प्रत पाणीपुरवठा खात्यातही आली. शिपायाने ती मोठ्याने वाचली.

"उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, 'अखंड प्रवाह' हा मार्च वाजत असताना कोणत्याही दोन इसमांची पावले एका वेळी पडत नाहीत, असे प्रत्यक्ष चाचणीत आढळून आले आहे. सबब सदर मार्च पूर्णपणे निरुपद्रवी असून पुलावर वाजविण्यास हरकत नाही."

निरुपद्रवी! हेडक्लार्कांनी स्वतः आयुष्यभर अशी पत्रं लिहिली होती, पण त्यांतलं एखादं अंगावर आलं की काय होतं ते त्यांना आज कळलं. आपला मार्च निवडला गेला तो त्यावर चालता येत नाही म्हणून. घरी आले तर बायको भाजी चिरत होती आणि सुरीच्या तालावर चालू होतं: "टॅं टरॅं टॅं टॅं." अजूनही! पुलाचा मान मिळाला, शासकीय पत्र मिळालं, तरी चिरण्याला चाल डॉक्टरांचीच.

"माझा मार्च नाही का गं तुला कधी म्हणावासा वाटत?" त्यांनी विचारलंच. विचारताना आवाज जरा चिरकला.

बायकोने खरोखर म्हणून पाहिला. पहिल्या ओळीच्या शेवटी अडखळली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली आणि तिला हसू आलं. हेडक्लार्क उठून गच्चीवर गेले. उद्घाटनाला आजारी पडावं का, याचा ते बराच वेळ गंभीरपणे विचार करत राहिले. पण ट्युबा वाजवणारा दुसरा कुणी नव्हता आणि चाल ट्युबाला दिलेली होती.

उद्घाटनाच्या दिवशी बँड पलीकडच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला उभा राहिला, पुलाकडे तोंड करून. इंजिनियर मध्यावर परात घेऊन होताच. नगराध्यक्षांनी फीत कापली, बँडमास्तरांनी काठी उचलली आणि गाव पुलावर आलं.

काय सांगावं! नगराध्यक्षांनी पहिल्या सात पावलांनंतर उडी मारली आणि त्यांचा फेटा उजव्या डोळ्यावर आला. मागे मुख्याधिकारी, त्यांच्या टाचेवर शाळेचे हेडमास्तर, हेडमास्तरांच्या टाचेवर अख्खी शाळा. बायकांचे घोळके एकमेकींच्या दंडाला धरून, पुरुष आपण मुद्दामच असे चालतो आहोत असा चेहरा करून. डॉक्टरीणबाईंची चप्पल तुटली. पोस्टमनकाका, छत्तीस वर्षं चाललेले, चक्क कठड्याला धरून उभे राहिले. आणि मध्यभागी परातीवर वाकलेला इंजिनियर आनंदाने ओरडत होता, "छान! असंच! अजिबात जमू देऊ नका!"

हेडक्लार्क ट्युबाच्या आडून हे बघत होते. सूर काढावा तर लागतच होता, पण प्रत्येक सुराबरोबर आपल्या अब्रूचा एक तुकडा पुलावरून खाली पडतो आहे असं त्यांना वाटत होतं. इतक्यात त्यांना बायको दिसली.

ती गर्दीच्या उजव्या कडेने चालत होती, हातात पिशवी, डोक्यावर उन्हासाठी घेतलेला पदर. तिच्या पुढचे उड्या मारत होते, मागचे अडखळत होते. ती नुसती चालत होती. दणका उजव्यावर आला तर उजव्यावर. तिने पाय बदलला नाही, थांबली नाही, पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त दर सातव्या पावलाला तिची टाच किंचित वळत होती, पुढे शिलाई मशीन असल्यासारखी, आणि मग ती पुन्हा पुढे निघत होती. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एवढ्या माणसांत 'अखंड प्रवाह' कसा चालायचा हे एकाच माणसाला येत होतं. हातातली पिशवी जराही हलत नव्हती.

ट्युबामधून एक पों जरा ओला निघाला. बँडमास्तरांनी रागाने पाहिलं.

सगळे पार झाले तेव्हा पलीकडच्या पक्क्या रस्त्यावर बँडमास्तरांनी 'उजळ माथ्याने' सुरू केला आणि गावाने सुटकेचा मोठा श्वास सोडला. सगळ्यांची पावलं झटक्यात जुळली. चालता चालता हेडक्लार्कांनी खाली पाहिलं तर त्यांचेही पाय मजेत जुळलेले होते. त्यांना वाईट वाटलं, पण फारसं नाही.

कार्यक्रमानंतर डॉक्टर वाद्य पेटीत ठेवता ठेवता जवळ आले. "वहिनी कशा काय चालल्या हो? मी पाहिलं. तुम्ही आधी तालीम घेतली होतीत का?"

"छे," हेडक्लार्क म्हणाले.

"मग?" डॉक्टरांनी पेटीची कडी चाचपली. "माझ्या मार्चवर सगळेच चालतात. पण ते कुठल्याही मार्चवर चालतील. आमच्या हिला तर अजून नाव आठवत नाही त्याचं." आणि त्यांनी पेटी जरुरीपेक्षा जोरात बंद केली. त्या आवाजात जे होतं ते हेडक्लार्कांनी लगेच ओळखलं. डाव्या बरगडीखाली होतं ते हेच. त्यांना डॉक्टरांबद्दल जवळजवळ माया वाटली.

संध्याकाळी डॉक्टर अभिनंदन करायला म्हणून खाली आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. उठताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रचायला कुठे बसायचात तुम्ही?" हेडक्लार्कांनी बोळ दाखवला. डॉक्टरांनी बोळ पाहिला. शिलाई मशीन पाहिलं. मशीनपासून स्वयंपाकघरापर्यंत हळूच चालूनही पाहिलं. मग घाईने गेले.

बायकोने कपबशा उचलल्या आणि ती गुणगुणायला लागली. अर्थात तेच: "टॅं टरॅं टॅं टॅं." हेडक्लार्कांच्या कपाळाला आठी पडलेली पाहून ती थांबली.

"अहो, तुमचा तोंडात बसत नाही, त्याला मी काय करू?" ती म्हणाली. "पायात बसलाय. आता मार्च झाला ना? मशीन सरकवू का तिथून?"

"राहू दे. आहे तिथेच राहू दे," हेडक्लार्क म्हणाले.

इतक्यात वरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. कपाट असावं. घरघर करत ते एका टोकाला थांबलं. मग बूट वाजायला लागले.

"हे काय चाललंय डॉक्टरांकडे?" बायको छताकडे बघत म्हणाली.

"श्श!" हेडक्लार्कांनी एक बोट वर केलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजायला लागले. बूट पुढे गेले, वळले, मागे आले, वळले. हेडक्लार्कांनी पुन्हा मोजून खात्री करून घेतली. मग मोठ्या समाधानाने ते खुर्चीत मागे रेलून बसले.

"सहा," ते म्हणाले. "कपाट जास्त सरकवलंय."